छतावरची जुनी प्लास्टिक टाकी: कोणता डाग कशाने जातो, आणि कोणता जातच नाही

नागपुरात छतावरच्या टाकीचे हाल दोन्ही बाजूंनी होतात. बाहेरून ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला, की उघड्या स्लॅबवरच्या काळ्या टाकीला दुपारी हात लावायची सोय नसते. आणि आतून पाणी. पेंच-कन्हान नद्यांचं नळाला येणारं पाणी फारसा त्रास देत नाही, पण उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की बोअर सुरू होतो, आणि टाकीत दोन्ही पाणी एकत्र येतं. शहराचा पश्चिम भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर बसलेला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे बादलीपासून गीझरपर्यंत सगळीकडे पांढरा थर धरतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या छतावर राखेचा थर येऊन बसतो तो वेगळाच.

त्यामुळे दहा-बारा वर्षं जुन्या टाकीवर एकच एक डाग कधी नसतो. खार, गंज, शेवाळ, धूळ, कबुतरांची घाण असं सगळं एकावर एक चढलेलं असतं. प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीचं औषध वापरलं तर डाग जात नाही एवढंच होत नाही, काही वेळा तो कायमचा बसतो. हार्डवेअरच्या दुकानात विचाराल तर बहुतेक वेळा उत्तर मिळेल, “भाऊ, ॲसिडची बाटली न्या, दोन मिनिटांत चकाचक.” ती बाटली तूर्त दुकानातच राहू द्या.

डाग आहे, की प्लास्टिकच गेलंय?

हे आधी ठरवायचं, कारण निम्म्या टाक्यांवर जे ‘डाग’ म्हणून लोक घासत बसतात ते डाग नसतातच. या टाक्या पॉलिथिलीनच्या. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या तोडत राहतात. वरचा पातळ थर ठिसूळ होतो, त्याची पूड सुटते, रंग उडतो. काळ्या टाकीत कार्बन ब्लॅक असतो, तो हे किरण शोषून घेतो, म्हणून काळी टाकी जास्त टिकते. पण तीही कालांतराने राखाडी होते. पांढरी पिवळट होते, आणि निळी-हिरवी असेल तर दक्षिण-पश्चिमेची बाजू फिकट आणि उत्तरेची बाजू नव्यासारखी, असा दुरंगी प्रकार दिसतो.

ओळखायला सोपं आहे. टाकीचा हातभर भाग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. मग काळ्या टाकीवर काळं फडकं आणि पांढऱ्या टाकीवर गडद रंगाचं फडकं दाबून फिरवा. फडक्यावर पिठासारखी पूड आली आणि खालचा भाग तसाच फिका राहिला, तर ते झिजलेलं प्लास्टिक आहे. तिथे कुठलंच रसायन उपयोगाचं नाही. आता त्याच जागी ओलं बोट फिरवा. ओलं असताना रंग गडद दिसला आणि वाळल्यावर पुन्हा राखाडी झाला, तर खात्रीच समजा.

डाग असेल तर तो वेगळा वागतो. त्याला कडा असते, ओघळाचा आकार असतो, किंवा तो एखाद्या नळाच्या, पाइपाच्या, ओव्हरफ्लोच्या खालीच असतो. नखाने खरवडल्यावर त्याचा कण निघतो. एका कोपऱ्यात लिंबाची फोड चोळून पाहा. बारीक बुडबुडे आले तर खार. काहीच झालं नाही आणि रंग तांबूस-पिवळा असेल तर बहुधा गंज. हिरवा-काळा आणि ओला असताना बुळबुळीत लागत असेल तर शेवाळ.

याच वेळी टाकीची तब्येतही तपासून घ्या. झाकणाच्या कडेला, आउटलेटच्या भोवती आणि तळाच्या वळणावर बोट फिरवा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या, किंवा अंगठ्याने दाबल्यावर कडकड आवाज आला, तर ती टाकी घासायच्या लायकीची उरलेली नाही. घासताना पडणाऱ्या जोरानेच ती फुटेल.

कधी करायचं, आणि आधी काय बंद करायचं

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, हे काम काढू नका. तापलेल्या टाकीवर टाकलेलं कुठलंही द्रावण पाच मिनिटांत वाळतं. त्याला काम करायला वेळ मिळत नाही, आणि वाळलेल्या रसायनाचा स्वतःचाच डाग पडतो. दिवाळीच्या आधीची सफाई ही उत्तम वेळ, नाहीतर फेब्रुवारी. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी सातच्या आत सुरू करून नऊला आटपा.

आतूनही साफ करायची असेल तर दोन दिवस आधीपासून पाणी कमी भरा, म्हणजे टाकीभर पाणी वाया जाणार नाही. नळ कोणत्या वेळी येतात ते बघून वेळ ठरवा. टाकी रिकामी केली आणि संध्याकाळी नळच आले नाहीत, तर घरातल्यांचे बोल ऐकायची तयारी ठेवा. दोन बादल्या आणि एक पिंप भरून बाजूला ठेवा. धुवायलाच लागतं.

बोअरच्या मोटारीचा मेन स्विच बंद करा आणि घरात सांगून ठेवा. टाकीतून घरात जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा. हे लोक हमखास विसरतात, आणि ढवळलेला सगळा गाळ गीझरमध्ये आणि आरओच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

कठडा नसलेल्या छतावर, किंवा जिन्याच्या खोलीवर चढवलेल्या टाकीपाशी एकट्याने काम करू नका. साबणाच्या पाण्याने स्लॅब किती निसरडा होतो ते पाय घसरल्यावरच कळतं. विजेच्या तारा जवळून गेल्या असतील तर लांब दांड्याचा लोखंडी ब्रश तिथे नकोच.

सामान

नायलॉनचे दोन ब्रश: एक हातात मावणारा, एक लांब दांड्याचा. नारळाची शेंडी. जुने सुती कपडे (फाटकं धोतर किंवा बनियन सगळ्यात चांगलं, पाणी धरून ठेवतं). प्लास्टिकची खरवडणी, नसेल तर जुनं एटीएम कार्डही चालतं. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. भांडी घासायचं लिक्विड, खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर.

सायट्रिक ॲसिड किराण्यात ‘निंबूफूल’ किंवा लिंबूसत्व म्हणून मिळतं. इतवारीच्या ठोक बाजारात किलोच्या भावात घेतलं तर खूपच स्वस्त पडतं, आणि उरलेलं कूलरच्या टाकीला कामी येतं. ब्लीचिंग पावडर घेताना पाकीट नवं आहे ना ते बघा. उष्णतेत आणि ओलीत तिच्यातला क्लोरीन उडून जातो. दुकानाच्या दारात उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात बऱ्याचदा नुसता चुनाच उरलेला असतो. उघडल्यावर नाकाला झणका बसला नाही तर ती पावडर परत करा.

तारेचा ब्रश, लोखंडी घासणी, पॉलिश पेपर यातलं काहीही नको. झिजलेल्या प्लास्टिकवर त्यांचे ओरखडे खोल जातात आणि पुढची धूळ, पुढचं शेवाळ त्याच ओरखड्यांत घर करतं. शिवाय लोखंडी घासणीचे बारीक कण प्लास्टिकमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात गंजतात. डाग काढायला गेलेल्या माणसाच्या टाकीवर मग तांबडे ठिपके उगवतात.

पेट्रोल, रॉकेल, थिनरही नकोत. पॉलिथिलीन असले द्रव थोडेफार शोषून घेतं. टाकीच्या भिंतीतून तो वास पाण्यात उतरू शकतो आणि दिवसेंदिवस जात नाही.

पहिली पायरी: नुसती धुलाई

औषधाला हात लावण्याआधी टाकी साध्या पाण्याने वरून खाली धुवा. कबुतरांची विष्ठा असेल तर ती भिजवून, ओल्या फडक्याने पूर्ण काढा. कोरडी खरवडू नका, तिची धूळ छातीत जाते. ती काढल्याशिवाय ब्लीचही वापरायचं नाही. विष्ठेतल्या अमोनियाशी ब्लीचचा संबंध आला की घसा जाळणारा वायू तयार होतो.

मग बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड टाका आणि नायलॉनच्या ब्रशने गोल-गोल घासा. इथे मात्र खालून वर जा. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या, तापलेल्या भागावर उतरून तिथेच वाळतात आणि नव्या रेघा पडतात. शेवटचं पाणी वरून खाली. राख आणि रस्त्याची धूळ या एका धुण्यात जाते, आणि उरलेले डाग स्वच्छ दिसायला लागतात. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

प्रेशर वॉशर असेल तर हात-दीड हात लांबून आणि तिरका मारा. आउटलेटच्या जोडावर किंवा चिरांवर धार सोडू नका.

पांढरा खार

ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, झाकणाच्या कडेला आणि जिथे जोड झिरपतो तिथे खाराचे पांढरे ओघळ दिसतात. हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आंबट लागतं.

एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. पोह्याचे चार चमचे साधारण तेवढे होतात. अडचण औषधाची नाही, उभ्या भिंतीची आहे: द्रावण मारलं की दोन मिनिटांत खाली ओघळतं आणि खार जागेवरच. म्हणून सुती कपड्याची पट्टी द्रावणात बुडवून, अर्धवट पिळून, डागावर चिकटवा. वरून दुधाच्या पिशवीचं कापलेलं प्लास्टिक लावा, म्हणजे ती वाळणार नाही. टाकीभोवती सुतळी बांधून पट्टी आवळली की पडत नाही. वीस मिनिटं ठेवा. पट्टी काढल्यावर थर भिजलेल्या खडूसारखा मऊ झालेला असतो. नारळाच्या शेंडीने घासला की निघतो. थर जाड असेल तर पट्टी पुन्हा लावा. घाई करून कोरडा थर खरवडू नका. त्याचे टवके निघताना खालचं ठिसूळ प्लास्टिकही सोबत घेऊन येतात.

द्रावण टाकीवर वाळू देऊ नका, कारण सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून पुन्हा पांढरी साय धरते. प्रत्येक पट्टीनंतर भरपूर पाणी.

घरात पांढरं व्हिनेगर असेल तर तेही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून जो फेस येतो तो बघायला छान, पण त्यात दोघंही एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, ओल्या फडक्यावर घेऊन, हलकं घासायला वापरा.

टॉयलेट क्लीनर किंवा गाडीवर मिळणारं ॲसिड खार झटकन काढतं हे खरं. प्लास्टिकचंही ते फारसं बिघडवत नाही. बिघडवतं ते टाकीला जोडलेलं बाकी सगळं: जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल, म्हणजे पाइप जोडायचा आखूड तुकडा, पितळेचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळ्याचा नळ), खालचा सिमेंटचा ओटा. आणि त्याची वाफ डोळ्यांत, छातीत जाते.

गंजाचे ओघळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

तांबूस ओघळ दोन ठिकाणांहून येतात. एक बाहेरून: गंजलेला जीआय पाइप, लोखंडी अँगलचं स्टँड, झाकण बांधलेली तार. दुसरा पाण्यातूनच. काही बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. वर येताना ते पाणी अगदी नितळ दिसतं, पण हवा लागली की लोहाचा गंज होतो आणि तळाशी बसतो. तपासायचं असेल तर बोअरचं पाणी थेट पांढऱ्या बादलीत भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाला तांबूस-पिवळा गाळ किंवा कडेला केशरी रेघ दिसली तर पाण्यात लोह आहे. अशा घरी टाकी कितीही घासा, पावसाळ्यापर्यंत ओघळ परत येणार.

गंजावर ब्लीच मारू नका. ब्लीच ऑक्सिडीकरण करतं, आणि गंज म्हणजे ऑक्सिडीकरण झालेलं लोहच. जे लोह अजून विरघळलेलं किंवा फिकट असेल तेही ब्लीचने तांबडं होऊन प्लास्टिकवर पक्कं बसतं. डाग ‘पेटला’ असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

इथेही सायट्रिक ॲसिडच, पण जरा कडक आणि जास्त वेळ. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम. त्यात थोडा मैदा कालवून इडलीच्या पिठाएवढा दाट लेप करा, डागावर बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक लावा आणि तास-दीड तास सोडून द्या. लेप पिवळा-हिरवट व्हायला लागला की समजायचं, लोह त्यात उतरतंय. धुवा, बघा, गरज पडली तर पुन्हा लावा. पहिल्या लेपात डाग निम्मा गेला तरी काम बरोबर चाललंय. मैद्याचे अंश मागे ठेवू नका, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतील.

एवढं करूनही जो हट्टी डाग उरतो त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. लाकडाचं पॉलिश करणाऱ्यांकडे ते असतं. एक लिटर पाण्याला २५-३० ग्रॅम पुरे. पण हे विषारी आहे. हातमोजे, चष्मा सक्तीचे, मुलं आणि कुत्री-मांजरं छतावर नकोत, आणि टाकीच्या आतल्या बाजूला अजिबात नाही. आणखी एक बारकावा: खार असलेल्या जागी ऑक्झॅलिक मारलं, किंवा ते बोअरच्या जड पाण्यात कालवलं, तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, न विरघळणारा थर बसतो. म्हणून आधी खार काढून घ्या, आणि द्रावण आरओच्या पाण्यात करा. काम झालं की खायच्या सोड्याचं पाणी मारून, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा.

आणि ज्या निपलमुळे ओघळ आला तो बदला. प्लास्टिकचा किंवा पितळेचा निपल महाग नसतो. तो न बदलता डाग काढणं म्हणजे गळतं छत तसंच ठेवून फरशी पुसणं.

हिरवं आणि काळं

शेवाळाला उजेड आणि ओल लागते. बाहेरच्या बाजूला ते उत्तरेकडे, ओव्हरफ्लोखाली, किंवा पिंपळ-कडुलिंबाच्या सावलीत दिसतं. पावसाळ्यानंतर काळपट चट्टे पडतात ती बुरशी.

ब्लीचचं काम इथे. ब्लीचिंग पावडरचे दोन पोह्याचे चमचे आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग एक लिटर पाणी घालून पंधरा मिनिटं तसंच ठेवा. खाली पांढरा चुना बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं वापरायचं, चुन्याचा साका टाकीवर मारला तर एक डाग काढून दुसरा बसवल्यासारखं होईल. बाटलीतलं साधं लिक्विड ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, पाच भाग पाणी. ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, घासा, धुवा. तासन्‌तास ठेवू नका. आधीच ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला कडक क्लोरीनही खातो.

ज्या दिवशी ॲसिडचं काम, त्या दिवशी ब्लीचचं नाही. सायट्रिक, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, कशाहीबरोबर ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छत उघडं असलं तरी टाकीवर वाकलेल्या माणसाचं नाक त्याच वायूत असतं. एकच बादली वापरत असाल तर मधे ती घासून धुवा.

छताच्या पन्हाळीतून हे पाणी खाली कुठे पडतं तेही बघा. शेजारच्या काकूंच्या तुळशीवर ब्लीचचं पाणी पडलं तर टाकीची सफाई बरीच महागात पडेल.

सिमेंट, रंग, डांबर

सिमेंटचे शिंतोडे प्लास्टिकला मुळात नीट धरत नाहीत. ओल्या पट्टीने भिजवून प्लास्टिकच्या खरवडणीने कडेकडेने उचला, टणकन निघतात. ऑइल पेंटचंही तेच. नखाने कड उचलली की बऱ्याचदा पापुद्रा सुटतो. पावसाळ्याच्या तोंडावर छताच्या भेगांत डांबर भरताना टाकीवर उडतं, त्यावर खायचं तेल चोळून अर्धा तास ठेवा. डांबर तेलात मऊ होतं. पुसून घ्या आणि लगेच भांड्यांच्या लिक्विडने तेल धुऊन टाका, नाहीतर त्या जागी धुळीचा नवा चट्टा बसेल.

आतली बाजू

आत जो तांबूस-करडा पट्टा दिसतो, तो पाण्याची पातळी रोज वर-खाली होते तिथेच असतो. खाली तळाला मऊ गाळ.

टाकीत उतरू नका. हजार लिटरची टाकी बाहेरून, लांब दांड्याच्या ब्रशने पूर्ण साफ होते. अरुंद तोंडाच्या टाकीत हवा खेळत नाही, त्यात ब्लीचचा वास असेल तर माणसाला भोवळ यायला वेळ लागत नाही. आणि ‘तो बारीक आहे, तो उतरेल’ म्हणून घरातल्या पोराला आत सोडणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आउटलेट तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे शेवटचं गाळाचं पाणी आपोआप जात नाही. वॉशआउटचा, म्हणजे तळातलं पाणी काढायचा, नळ असेल तर उत्तम. नसेल तर ते पाणी वायपरने एका बाजूला ओढून, लांब दांड्याला बांधलेल्या मग्ग्याने किंवा स्पंजने टिपून काढा.

आत साबण नको. त्याचा फेस आणि वास काढता काढता दोन टाक्या पाणी जातं. पट्ट्यावर आधी खायचा सोडा आणि ओला ब्रश. नाही निघाला तर सायट्रिकचं ५० ग्रॅमचं द्रावण ब्रशने लावून दहा मिनिटं, मग घासून धुवा. पाणी दोनदा पूर्ण काढून टाका. आतला फिकट पिवळेपणा शेवटपर्यंत राहिला तर राहू द्या. हाताला गुळगुळीत लागतंय आणि बुळबुळीत नाही, एवढं पुरे.

निर्जंतुक करायचं ते दुसऱ्या दिवशी. १००० लिटरच्या भरलेल्या टाकीला ताजी ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम. ५०० लिटरला ७५. बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन, नितळ पाणी टाकीत ओता. ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतो, त्या हिशेबाने दर लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा बसते. ही पिण्याच्या पाण्याची मात्रा नाही, टाकी आणि पाइप धुण्याची आहे. आरओचा इनलेट बंद करून घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. घरात सगळ्यांना सांगा, कुणी ते पाणी प्यायचं नाही. सकाळी टाकी रिकामी करा, एकदा साध्या पाण्याने भरून पुन्हा सोडा, आणि नळाचा वास नेहमीसारखा झाला की वापरायला घ्या. ते सोडलेलं पाणी झाडांना नको; संडास-मोरी धुवायला वापरा.

आत शेवाळ वारंवार होत असेल तर दोष सफाईचा नसतो, उजेडाचा असतो. भर दुपारी झाकण थोडं सरकवा, डोक्यावरून चादर घेऊन फटीतून आत पाहा. टाकीच्या भिंती कंदिलासारख्या उजळलेल्या दिसल्या तर प्लास्टिकमधून ऊन आत जातंय. पातळ, एका थराच्या फिक्या टाक्यांत हे सर्रास होतं. झाकणाला चीर असेल तर फक्त झाकण बदला, तेवढ्यानेही फरक पडतो.

फिकेपणाचं काय करायचं

झिजलेल्या भागावर मोहरीचं तेल किंवा गाडीचं पॉलिश चोळलं की टाकी आठवडाभर नव्यासारखी चमकते. मग तेलाला धूळ चिकटते आणि आधीपेक्षा वाईट दिसते. हीटगनने वरचा थर वितळवून काळा रंग परत आणायची युक्ती गाडीच्या बंपरवर चालते. पाणी भरायच्या टाकीवर ती करू नका. भिंत वाकडी होते, पातळ होते.

रंग देण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. पॉलिथिलीन रंगाला धरत नाही. डिस्टेंपर असो की ऑइल पेंट, एका उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात आणि पावसात गच्चीभर पसरतात.

खरा उपाय सावलीचा. टाकीवर पत्र्याचं छोटं छप्पर, किंवा कूलरच्या दिवसांत बाल्कनीला लावतात ती हिरवी जाळी, दुहेरी घडी करून, टाकीपासून वीतभर अंतर ठेवून बांधलेली. अंगाला चिकटून बांधली तर धूळ आणि ओल मधे अडकते आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. वादळात जाळी उडते, म्हणून ती स्टँडला बांधा, टाकीच्या पाइपाला नाही.

बदलायची कधी

तळाच्या वळणावर चिरा असतील तर तेवढंच कारण पुरे. त्या नसल्या तरी आउटलेटभोवती सतत झिरप, फुगलेली बाजू, किंवा धुतल्यावरही हाताला पूड येत राहणं, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर सफाईवर खर्च करू नका. एम-सील लावून तळाची चीर बुजवली तरी फार काळ टिकत नाही, कारण पॉलिथिलीनला तेही नीट चिकटत नाही. भरलेल्या हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असतं, ते एकदम स्लॅबवर सुटलं तर काय होईल याचा अंदाज करा.

नवी घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस १२७०१ हा क्रमांक पाहा. या प्रकारच्या पॉलिथिलीन टाक्यांचं भारतीय मानक तेच आहे. टाकीचा पूर्ण तळ सपाट ओट्यावर टेकायला हवा. दोन अँगलवर अधांतरी ठेवलेली टाकी मधोमध खचते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. प्लंबरला आधीच सांगा: निपल पितळेचा किंवा प्लास्टिकचा, आउटलेटला युनियन (खोलता येणारा जोड), आणि तळाशी वॉशआउटचा वेगळा नळ. तो कुरकुर करेल, एक होल जास्त पाडावं लागतं म्हणून. तरी पाडून घ्या. जुनी टाकी भंगारात देण्याआधी तिचं झाकण काढून ठेवा, मापात बसलं तर शेजाऱ्याच्या चिरलेल्या झाकणाच्या जागी चालून जातं.